दही, कांदा आणि दोन तळी : माशांच्या खाद्यात प्रोबायोटिक घालून पाहिल्याच्या नोंदी

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात आमचं धानाचं वावर. नहराच्या बाजूला मातीची दोन तळी आहेत, प्रत्येकी साधारण १० आर. एकाला आम्ही वरचं म्हणतो, दुसऱ्याला खालचं. मागच्या हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे पडून रोहू पटापट मेले. दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिक भुकटी खाद्यात कालवली, पैसे गेले, मासेही गेले. लाल चट्ट्यांचा रोग मुळात अफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि जिवाणूंच्या औषधाने तो जीव मरत नाही, हे मला मार्चमध्ये कळलं. म्हणून यंदा रोग येण्याआधीच काही करता येतं का ते पाहायचं ठरवलं. वरच्या तळ्याला प्रोबायोटिकचं (म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू मिसळलेलं) खाद्य, खालच्याला साधं.

१४ जुलै

बीज सोडलं. बोटभर लांबीची बोटुकली, नगाला ४ रुपये. प्रत्येक तळ्यात ६००: रोहू २४०, कटला १८०, मृगळ १८०. पिशव्या अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग उघडल्या. खाद्य नेहमीचंच, शेंगदाणा ढेप आणि धानाचा कोंडा निम्मे-निम्मे. ढेप ५२ रुपये किलो, कोंडा १८. म्हणजे मिश्रण ३५ रुपये किलो पडतं. माशांच्या व्यवसायात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, तेव्हा त्यात आणखी काही घालायचं तर हिशोब ठेवायलाच हवा.

२१ जुलै

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात प्रोबायोटिकचं पाकीट मागितलं. काचेच्या कपाटात, थेट उन्हात ठेवलेलं. मुदतीच्या तारखेवर नवी चिकटपट्टी लावलेली होती. नखाने उकरली तर खालची तारीख फेब्रुवारीची. परत केलं. दुसऱ्या दुकानातून अर्धा किलोचं पाकीट ६५० रुपयांना आणलं. त्यावर बॅसिलस सबटिलिस, लॅक्टोबॅसिलस आणि सॅकॅरोमायसिस (म्हणजे यीस्ट) अशी नावं आहेत आणि एका ग्रॅममध्ये जिवंत जिवाणू किती तो आकडाही आहे. आकडा नसेल ते पाकीट घेऊ नका. नुसतं ‘माशांसाठी उत्तम’ लिहिलेल्या पाकिटात आपण भुकटी विकत घेतो, जिवाणू नव्हे.

प्रमाण किलोभर खाद्याला ५ ग्रॅम.

२८ जुलै

पहिला आठवडा पाण्यात गेला, आणि चूक माझी. भुकटी ढेपेला चिकटावी म्हणून तांदळाची पेज करून त्यात कालवायची असं ऐकलं होतं. घरच्यांनी पेज करून दिली, मी गंज चुलीवरून उतरवला आणि लगेच भुकटी टाकून ढवळली. सात दिवस हेच. मावसभावाचा पोरगा नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, दह्यात उकळतं दूध टाकून विरजण लागते का?”

एवढं ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला. लॅक्टोबॅसिलस गरम पेजेत मरतो. बॅसिलस बीजाणू करून राहतो, त्यामुळे तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे पाकिटातले काही वाचले असतील, पण पैसे मी सगळ्यांचे दिले होते. आता पेज संध्याकाळी करून ठेवतो, सकाळी थंड पेजेत भुकटी.

५ ऑगस्ट

दुसरा घोळ. खाद्याचा गोळा बादलीभर पाण्यात टाकून पाहिला तर तीन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ. याचा अर्थ भुकटी माशांच्या पोटात न जाता तळ्यात जात होती. त्यावर असं केलं: दोन किलो कोरडं खाद्य, पावशेर घट्ट पेज, त्यात १० ग्रॅम भुकटी, वरून चमचाभर शेंगदाणा तेल. गोळे करून सावलीत अर्धा तास सुकवायचे. उन्हात नाही. एकदा मी ताडपत्रीवर उन्हात वाळवले होते. गोळे कडक झाले, जिवाणूंचं काय झालं असेल ते समजून घ्या.

आता गोळा पंधरा-वीस मिनिटं टिकतो. पसरून टाकणं बंद केलं. बांबूच्या चार टोपल्या दोरीने पाण्यात सोडल्या, त्यात खाद्य. दोन तासांनी टोपली उचलली की किती खाल्लं ते दिसतं. या एका बदलाने खाद्य वाचलं ते दोन्ही तळ्यांत वाचलं, त्याचा प्रोबायोटिकशी संबंध नाही.

१६ ऑगस्ट

रोज पाकीट परवडणार नाही, म्हणून घरी कोंडा आंबवायला घेतला. ५ किलो कोंडा, पाव किलो गूळ, २०० ग्रॅम घरचं दही. पहिला ड्रम पूर्ण वाया. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर सडका वास, नाक धरून पळालो. कारण शोधायला दोन दिवस गेले. पाणी नळाचं वापरलं होतं आणि त्या आठवड्यात ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) भरपूर टाकली होती. दह्याचे जिवाणू आधीच मेले, आणि मग जे उगवायचं ते उगवलं.

दुसऱ्या वेळी विहिरीचं पाणी. कोंडा इतकाच ओला की मुठीत दाबला तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ड्रममध्ये तुडवून भरला, हवा राहू दिली नाही, वर प्लास्टिक आणि दगड. तीन दिवसांनी आंबट ताकासारखा वास. पीएच पट्टी ४ च्या आसपास. हे जमलं. आता एक दिवस पाकिटाचं, एक दिवस आंबवलेल्या कोंड्याचं, असं आड दिवसाने चालू आहे. आंबवलेला कोंडा खाद्याच्या दहाव्या हिश्शाएवढा मिसळतो.

बाबा म्हणाले, “मासोऱ्यांना दही, अन् आपल्या ताटात पातळ ताक.”

एक स्पष्ट सांगतो. दह्यातले जिवाणू दुधाला सरावलेले असतात, माशाच्या आतड्याला नाही. ते आतड्यात घर करून बसतात असं समजू नका. रोज पोटात जातात, काम करतात, बाहेर पडतात. म्हणून खाडा केला की संपलं.

४ सप्टेंबर

परवा पोळा झाला. गडी दोन दिवस आला नाही, मीही बैलांच्या मागे. आदल्या दिवशी भिजवून ठेवलेलं सहा किलो खाद्य घमेल्यात तसंच राहिलं. आज झाकण काढलं तर वर हिरवी बुरशी. गडी म्हणाला वरचा थर काढून टाकू, खालचं चांगलं आहे. बाबा म्हणाले ढोरांना घालू. दोघांनाही नाही म्हटलं. शेंगदाण्याच्या ढेपेवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन करते, ते माशाच्या आणि ढोराच्याही यकृताला बाधतं, आणि वरचा थर काढल्याने जात नाही. खड्डा खणून पुरलं. २०० रुपयांवर पाणी. आता भिजवायचं ते त्याच दिवसापुरतं.

१३ सप्टेंबर

ही नोंद सगळ्यांनी वाचावी.

तीन दिवस झड होती. सूर्य दिसला नाही. तळ्याचं पाणी हिरवं झालेलं, तळाला घाण साठल्याचा वास. कुठेतरी वाचलं होतं की प्रोबायोटिक पाण्यातही टाकावं, सोबत गूळ टाकला की जिवाणू लवकर वाढून तळाची घाण खातात. मी ११ तारखेला संध्याकाळी ४ किलो गूळ पाण्यात कालवून, त्यात ५ किलो आंबवलेला कोंडा घालून, वरच्या तळ्यात सगळीकडे शिंपडला. मनात म्हटलं, बरं काम झालं.

१२ ला पहाटे चारला मच्छीमार सोसायटीतले काका, जे रात्री आमच्याकडे राखणीला असतात, दारात येऊन ओरडले, “मासोऱ्या वर आल्या जी, धावा!”

बॅटरी घेऊन गेलो. काठाकाठाने शेकडो तोंडं पाण्याबाहेर, चप् चप् आवाज. कटला सगळ्यात पुढे. त्या घटकेला वीज नाही. शेतीची लाईन रात्रीची, ती तीनलाच गेलेली. शेजारच्यांचं डिझेल इंजिन ओढत आणायला पाऊण तास गेला. तोवर आम्ही चौघं पाण्यात उतरून बांबूने पाणी झोडपत होतो. इंजिन सुरू झाल्यावर तळ्याचंच पाणी उचलून, पाईपच्या तोंडाला भोकाचं घमेलं बांधून, उंचावरून पाण्यात पाडलं. सकाळी आठपर्यंत चाललं. डिझेल चार लिटर.

एकतीस कटला मेले. रोहू, मृगळ एकही नाही. ऑक्सिजन कमी झाला की आधी कटलाच जातो.

फोनवर मावसभावाचा पोरगा आधी गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, गूळ म्हणजे जिवाणूंचं जेवण. जेवले की ते श्वास घेणारच. त्यात तीन दिवस ऊन नाही, म्हणजे हिरव्या शेवाळाने ऑक्सिजन केलाच नाही, रात्रभर उलट तेच घेत बसलं.” म्हणजे एकाच पाण्यातल्या ऑक्सिजनवर मासे, शेवाळ आणि मी सोडलेले कोट्यवधी जिवाणू, तिघंही बसले होते.

कोळंबीच्या तळ्यांवर गूळ टाकतात हे खरं आहे, पण तिथे रात्रभर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) फिरतात. आमच्याकडे एरेटर नाही आणि असला तरी वीज नाही. त्यामुळे इथून पुढे पाण्यात काही टाकायचं नाही, जे द्यायचं ते खाद्यातून.

२ ऑक्टोबर

फेकजाळ्याने नमुना काढला. वरच्या तळ्यात रोहू सरासरी १२८ ग्रॅम, खालच्यात १३१. वजनात काही फरक नाही. बाबांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

१२ नोव्हेंबर

गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू. माणसं मिळत नाहीत, कामं मीच करतो.

आता प्रीबायोटिकचा भाग. सोप्या शब्दांत, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं. लसूण आणि कांद्यात इन्युलिनच्या जातीची साखर असते, ती माशाला फारशी पचत नाही पण जिवाणूंना चालते. पाकिटातल्या यीस्टच्या पेशीभित्तीही याच कामाच्या. मी लसणापासून सुरुवात केली, किलोभर खाद्याला १० ग्रॅम वाटून. दोन दिवस माशांनी टोपलीकडे ढुंकून पाहिलं नाही. वासामुळे. निम्मं केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी खाल्लं. पण लसूण ४०० रुपये किलो झालेला, आणि रोज घरातल्या फोडणीच्या वाट्याचा मी तळ्यावर नेतो म्हटल्यावर स्वयंपाकघरातून जो निरोप आला तो इथे लिहीत नाही.

मग कांदा. बाजार उठताना मऊ पडलेले कांदे विकणाऱ्या बाई अर्ध्या भावात देतात. सडलेला भाग काढून, बारीक वाटून, किलोला १५ ग्रॅम. मासे विनातक्रार खातात. केळीची सालंही वाळवून पाहिली. ओलसर राहिली, दळली गेली नाहीत, सोडून दिलं.

१० डिसेंबर

थंडी पडली. मासे कमी खाऊ लागले, टोपलीत निम्मं खाद्य उरतं. रोहू-कटल्याचं पोट पाण्याच्या उबेवर चालतं, त्यामुळे खाद्य वजनाच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं आणि सकाळी सातऐवजी अकराला द्यायला लागलो. ड्रमही गार पडला, तीन दिवसांत होणारं आंबवण सहा दिवसांनीही कच्चं. गोठ्यात तणसाच्या ढिगात ड्रम पुरला, तेव्हा पाच दिवसांत आंबट वास आला. म्हैस रात्रभर त्याला टेकून बसते, तिलाही ऊब आवडली असावी.

२७ डिसेंबर

खालच्या तळ्यात लाल चट्टे. ११ रोहू-मृगळ काठाला मेलेले. वरच्यात ३. दोन्ही तळ्यांत प्रत्येकी २० किलो चुना रात्रभर पाण्यात विरवून, गार झाल्यावर शिंपडला. मेलेले मासे लांब नेऊन चुना टाकून पुरले. नहरातून येणारं पाणी बंद केलं, तिथल्या रानमाशांच्या अंगावरही चट्टे दिसतात. खालच्या तळ्यात वापरलेलं जाळं वरच्या तळ्यात न्यायचं नाही, ही ताकीद गड्याला दिली आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच नेलं. मग जाळं उन्हात दोन दिवस वाळवलं.

१८ जानेवारी

चट्टे थांबले. या महिन्यात खालच्या तळ्यात एकूण ४६ मेले, वरच्यात १७.

हा आकडा पाहून मला नाचावंसं वाटलं होतं, पण थोडं थांबून विचार केला. खालच्या तळ्यावर बाभळीची सावली आहे, पाणी तिथे जास्त गार राहतं. सप्टेंबरमध्ये ३१ कटला गेल्याने वरच्या तळ्यात दाटी कमी होती. खालच्या तळ्यात वरच्या बांध्यांचं पाणी उतरतं. म्हणून ४६ आणि १७ मधला सगळा फरक दही-कांद्याचा आहे असं मी म्हणणार नाही. काही हिस्सा असावा असं मला वाटतं, कारण वरच्या तळ्यातल्या चट्टे पडलेल्या माशांपैकी बरेच जखम भरून सावरले. खालच्यातले बहुतेक गेले.

२० फेब्रुवारी

वरच्या तळ्यात उवा! मासे काठाच्या दगडांना अंग घासत होते. एक पकडला तर परांखाली चपट्या, पारदर्शक, तिळाएवढ्या उवा. आरग्युलस. प्रोबायोटिक याला काहीही करत नाही. ज्यांना वाटतं की हे खाद्य दिलं की सगळे रोग पळाले, त्यांच्यासाठी ही नोंद.

उवा अंडी घालायला माशाच्या अंगावरून सुटून पाण्यातलाच कडक पृष्ठभाग शोधतात. काकांनी सांगितलं तसे बांबूचे फाटे आणि जुन्या फळ्या तळ्यात रोवल्या. दर चार-पाच दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायच्या, अंडी मरतात, पुन्हा रोवायच्या. चार फेऱ्या झाल्या. महिन्याभरात घासणं कमी झालं. खर्च शून्य. खालच्या तळ्यात उवा नव्हत्याच, का कोण जाणे.

९ मार्च

तिसरं पाकीट उघडलं. उन्हाळ्यात पाकीट कुठे ठेवायचं हा प्रश्न. पत्र्याखाली नको. माठाशेजारी, डब्यात, तोंड घट्ट बांधून. ओला हात किंवा ओला चमचा आत जाऊ द्यायचा नाही, गोळे होतात.

६ मे

पाणी कमरेखाली आलं, मासेमारी उरकली. सोसायटीची माणसं, ओढायचं जाळं, दोन दिवस.

वरचं तळं: ४९८ मासे, २८९ किलो. खालचं: ४८९ मासे, २७९ किलो. जागेवर भाव १५० रुपये. म्हणजे वरच्यातून ४३,३५०, खालच्यातून ४१,८५०. फरक १,५०० रुपयांचा. मेलेले मोजूनही प्रत्येक तळ्यात पन्नास ते पासष्ट मासे हिशोबात बसत नाहीत, त्यांची चौकशी पाणकावळ्यांकडे करावी लागेल.

वरच्या तळ्याचा जास्तीचा खर्च: तीन पाकिटं १,९५०. गूळ, दही, लसूण, कांदा, तेल, पीएच पट्ट्या मिळून साधारण १,४००. डिझेल ३७०. पोळ्याला पुरलेलं खाद्य २००. एकूण ३,९०० च्या वर. म्हणजे यंदा या प्रयोगाने मला अडीच हजाराला बसवलं. गुळाची ती संध्याकाळ नसती तर ३१ कटला आज पाऊण-एक किलोचे असते, आणि हिशोब उलटा झाला असता. पण ती संध्याकाळ झाली, म्हणून ती जमेत धरली आहे.

रोजचा वेळ सांगायचा राहिला: कालवणं, गोळे, टोपल्या मिळून पाऊण तास. ज्यांना रोज पाऊण तास नाही त्यांनी टोपल्या, दुपारचं खाद्य आणि वेळेवर चुना एवढंच केलं तरी चालेल.

११ मे

तळी सुकवायला सोडली. पुढच्या हंगामात उलट करणार: प्रोबायोटिक खालच्या तळ्याला, वरच्याला साधं. बाभळीच्या सावलीखाली हे खाद्य काय करतं ते तेव्हा कळेल. पाकीट फक्त जुलै-ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, बाकी वेळ घरचं आंबवण. लसूण नाही. गूळ ड्रममध्ये, तळ्यात नाही.

ड्रम धुऊन धुऱ्यावर पालथा घातला आहे. म्हैस दोनदा जाऊन हुंगून आली.